सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय म्हणून बूच मारू नका: दाबाखालची उपकरणं फुटतात तेव्हा

जुना_फिटर (धागाकर्ता)

मंडळी, कुठे कॉम्प्रेसरची टाकी फुटते, कुठे टायर फुटून माणूस जातो. बातमीखालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: नशीब, हलका माल, नाहीतर 'प्रेशर जास्त झालं असणार'. मेन्टेनन्समध्ये आयुष्य गेल्यामुळे मला यातली तिसरी सगळ्यात जास्त खटकते. बऱ्याच वेळा प्रेशर जास्त झालेलंच नसतं. काटा रोजच्याच आकड्यावर असतो, आणि पत्रा गंजून, पातळ होऊन त्या आकड्याला पुरेनासा झालेला असतो.

दुसरा गैरसमज म्हणजे फक्त बार आणि पीएसआयकडे, म्हणजे दाबाच्या मापांकडे बघणं. आकडा तोच असला तरी आत काय भरलंय यावर सगळं ठरतं. १०० लिटरची टाकी पाण्याने काठोकाठ भरून १० बारला नेली आणि फाटली, तर चीर पडते, पिचकारी उडते आणि दाब लगेच उतरतो. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठत नाही. टाकीची टेस्ट पाण्याने घेतात ती एवढ्याचसाठी. त्याच टाकीत १० बारची हवा असेल तर आत अकराशे लिटर मोकळी हवा कोंबलेली असते. ती क्षणात सुटली तर हिशेबाने साधारण ३० ग्रॅम टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा बाहेर पडते, आणि टाकीचे तुकडे तीच भिरकावते.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, तो म्हणजे उकळबिंदूच्या वर तापलेलं पाणी. १० बारला पाणी १८० अंशांच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं. भांडं फाटून दाब गेला की त्यातला साधारण सहावा हिस्सा तत्काळ वाफ होतो, म्हणजे दर लिटर पाण्यामागे अडीचशे लिटरहून जास्त वाफ. जुने बॉयलर इमारती पाडायचे ते यामुळेच. अमेरिकेत ब्रॉक्टन इथे २० मार्च १९०५ ला बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०७ मध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला. पुढे तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने, एएसएमईने, बॉयलर कोड, म्हणजे बॉयलरची नियमावली काढली. आज जगभर ती वापरतात.

आता शीर्षकाबद्दल. सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो, फरशी ओली होते, कोणीतरी वैतागून पुढे बूच बसवतो. व्हॉल्व्ह गळण्याची कारणं दोनच: एकतर तो स्वतः खराब आहे, नाहीतर आत दाब खरोखर वाढतोय. दोन्हीत बूच हे उत्तर नाही. अमेरिकेतल्याच स्पेन्सर गावच्या शाळेत १९ जानेवारी १९८२ ला पाणी तापवायची टाकी फुटली. सात जण गेले, त्यातली सहा लहान मुलं. बॉयलर नव्हता, कारखाना नव्हता. तापमान आवरणारी आणि दाब सोडणारी, दोन्ही व्यवस्था कामाच्या उरल्या नव्हत्या, एवढंच.

ज्याला जो अनुभव आहे तो लिहा. टायर, सिलिंडर, ग्रीस गन, लॅबमधलं ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं भांडं), काहीही चालेल.

---

खटपट्या

काका, वेळेवर धागा काढलात. वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरच्या टाकीला तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक पडलंय, हवा सूं करत जाते. वेल्डर म्हणतो पाच मिनिटांत टाका मारून देतो. मारून घेऊ का?

---

जुना_फिटर

नको. आधी कॉम्प्रेसर बंद करा, दाब उतरवा, मग पुढचं वाचा.

दाबलेली हवा थंड होते तेव्हा तिच्यातलं बाष्प पाणी होऊन तळाशी साचतं. ड्रेन कॉक (तळाचं पाणी काढायची तोटी) रोज उघडला नाही तर ते तिथेच राहतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत दिसतो. एका जागी आरपार भोक पडलंय याचा अर्थ आजूबाजूचा तळहाताएवढा पत्रा कागद होत आलाय. त्यावर टाका मारला की भोक बुजतं, पण टाक्याच्या कडेला पातळ पत्रा आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आलेला ताण एकत्र येतात. पुढची चीर तिथून सुरू होते आणि ती सुईएवढी राहत नाही.

दाबाच्या भांड्यावर वेल्डिंग करता येतं, नाही असं नाही. पण ते पात्र वेल्डरने, ठरलेल्या पद्धतीने, नंतर तपासणी आणि हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची टेस्ट) करून. आतून गंजलेल्या टाकीसाठी ही खटपट कोणी करत नाही, टाकी बदलतात.

---

खटपट्या

मालकांना दाखवलं. ते म्हणाले, 'सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना, मग टाकी फुटेलच कशी?'

---

जुना_फिटर

हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो. सेफ्टी व्हॉल्व्ह ज्या आकड्याला उघडायला बसवलेला असतो तो टाकी नवी असतानाच्या जाडीवरून ठरलेला असतो. पत्रा निम्मा झाला हे व्हॉल्व्हला कळत नाही. तो १० बारची वाट बघत बसतो आणि टाकी ८ ला जाते. व्हॉल्व्ह जास्तीच्या दाबापासून वाचवतो, पातळ झालेल्या पत्र्यापासून नाही. त्यासाठी अल्ट्रासोनिक गेजने जाडी मोजावी लागते. हातात धरायचं यंत्र असतं, टाकी कापावी लागत नाही. मालकांना म्हणावं, तळाची जाडी मोजून टाकीच्या नेमप्लेटशी ताडून बघा.

---

नुसताच_वाचक

नेमप्लेटच नसेल तर? अवांतर नाही, खरंच विचारतोय. अशा टाक्या सर्रास दिसतात.

---

जुना_फिटर

मग तिचा डिझाइन प्रेशर, बनवल्याचं वर्ष, जाडी यातलं काहीच माहीत नाही. अशा टाकीत हवा भरू नये. तुकड्यातुकड्यांनी जोडलेली, जुन्या सिलिंडरातून घरीच बनवलेली टाकी असेल तर विषयच संपला. आणि हवेच्या लाइनला पीव्हीसी पाइप लावलेले असतील तर तेही काढा. ते पाण्यासाठी ठीक आहेत. हवेखाली तडकले की धारदार ठिकऱ्या होऊन उडतात.

---

सडेतोड

अहो, गावोगाव अशा टाक्या वीस-वीस वर्षं चालतात. धाग्यातली भीती जरा अतीच वाटते. इतकं बघत बसलं तर कामं कोण करणार?

---

चाकवाला

सडेतोड भाऊ, वीस वर्षं चाललेली टाकी एकविसाव्या वर्षी काय करेल ते वीस वर्षं सांगत नाहीत.

मी टायरवर लिहितो, कारण माझं रोजचं काम तेच. कारच्या टायरचं सोडा, ट्रक-ट्रॅक्टरचं बघा. जुन्या दोन-तीन तुकड्यांच्या रिमला लॉक रिंग, म्हणजे तुकडे अडकवून धरणारी कडी असते. १०० पीएसआयला त्या रिंगवर येणारा जोर दहा टनांच्या पुढे जातो. रिंग खाचेत नीट बसली नसेल, गंजलेली किंवा वाकलेली असेल, दुसऱ्याच रिमची असेल, तर हवा भरताना ती सुटते. समोर जो वाकलेला असेल त्याच्या डोक्याला किंवा छातीला लागते. आणि आमच्याकडे पद्धत काय? टायर आडवा टाकायचा, त्यावर पाय देऊन उभं राहायचं आणि रिंग बसत नसेल तर हवा चालू असतानाच हातोडीने ठोकायची.

यावर उपाय जुने आहेत आणि साधे आहेत. लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची. टायरच्या व्हॉल्व्हला स्वतःच पकडून राहणारा चक (नळीचं टोक) लावायचा, मध्ये गेज आणि व्हॉल्व्ह घालायचा आणि लांब, बाजूला उभं राहून भरायचं. रिंग जिकडे उडेल त्या रेषेत शरीराचा कुठलाही भाग नको. पिंजराही जमिनीला बोल्टने घट्ट बसवायचा नाही. फुटला तर धक्का मोकळा व्हायला जागा लागते.

दुसरा प्रकार लोकांना फारसा माहीत नाही. ट्रकचा टायर कमी हवेवर बराच पळाला की बाजूच्या भिंतीतल्या पोलादी तारा वाकून वाकून तुटायला लागतात. वरून रबर धडधाकट दिसतं. मग कोणीतरी त्यात पुन्हा पूर्ण हवा भरतो आणि भिंत चेनसारखी टरकन उसवते. इंग्रजीत त्याला झिपर फेल्युअरच म्हणतात. म्हणून नियम असा की हवा शिफारशीच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी झालेल्या स्थितीत टायर पळाला असेल, तर तो गाडीवर असताना नुसती हवा मारायची नाही. उतरवायचा, आतून बघायचा, फुगवटा किंवा तारेचं टोक हाताला लागतंय का तपासायचं आणि भरताना पिंजरा.

आणि टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग करू नका. हवा काढलेली असली तरी नाही. आतलं रबर तापून ज्वलनशील वायू सोडतं, ते पेटले की टायर बॉम्बसारखा जातो. बीड, म्हणजे टायरची कडा, रिमवर बसत नाही म्हणून आत पेटता स्प्रे मारणारे महाभागही आहेत. त्यांचे व्हिडिओ बघून टाळ्या वाजवू नका.

---

खटपट्या

चाकवाला, नट सैल करण्याआधी हवा काढता का?

---

चाकवाला

तुकड्यांचा रिम असेल तर हो, आणि व्हॉल्व्हची सुई म्हणजे कोअरच काढून टाकतो. जोडचाकात तर दोन्ही टायरांची. रिमला तडा असेल तर चाकाचे नट सैल केल्यावर रिमच फाकते.

---

टाकेवाली

मी हाताच्या शस्त्रक्रिया करते. या धाग्यात एक जखम यायलाच हवी, कारण ती जखम म्हणून कोणी ओळखत नाही.

ग्रीस गन, रंगाची एअरलेस गन, हायड्रॉलिक नळीची गळती, डिझेलचा इंजेक्टर. यांतून सुटणारी बारीक धार कातडीतून थेट आत शिरते. त्यासाठी ७ बार, म्हणजे १०० पीएसआय पुरतात. रंगाच्या एअरलेस गनला दोनशे बारच्या आसपास दाब असतो, डिझेल इंजेक्शनला हजारच्या वर. बाहेर काय दिसतं? टाचणी टोचल्याएवढा ठिपका. रक्त नाही, पहिला तासभर फार दुखतही नाही. माणूस बोट पुसतो, पट्टी लावतो आणि कामाला लागतो. आत मात्र तेल किंवा रंग स्नायुबंधाच्या आवरणातून तळव्यापर्यंत पसरलेला असतो. संध्याकाळी बोट टम्म सुजतं, पांढुरकं पडतं, रात्री ठणका सहन होत नाही.

ही तातडीची शस्त्रक्रिया आहे. बोट उघडून आतला पदार्थ धुऊन काढावा लागतो आणि पहिल्या सहा तासांत ते झालं तर बोट वाचण्याची शक्यता बरीच जास्त. प्रसिद्ध झालेल्या नोंदींमध्ये बोट किंवा त्याचा भाग कापावा लागण्याचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात आहे. थिनर आणि तेलरंग सर्वात वाईट, ग्रीस त्यामानाने कमी. बहुतेकदा ज्या हाताने काम करत नाही त्या हाताची तर्जनी सापडते, कारण एका हाताने गन धरून दुसऱ्याने नोझल पुसलेलं असतं.

दवाखान्यात गेल्यावर 'बोटाला टोचलं' असं म्हणू नका. 'दाबाने तेल आत शिरलं, अमुक पदार्थ, अमुक दाब' असं सांगा, जमलं तर डब्याचं लेबल सोबत न्या. नाहीतर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. रात्रपाळीत असलेल्या तरुण डॉक्टरांसाठी: बोटाच्या बुडाशी बधिरतेचं इंजेक्शन देऊ नका, आधीच कोंडलेल्या बोटात दाब आणखी वाढतो.

आणि गळती कधीही हाताने शोधू नये. हातमोजा घालूनही नाही. नळीपासून हात लांब ठेवून पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा लांब तुकडा फिरवा, त्यावर डाग उठतो.

---

जुना_फिटर

डॉक्टरताई, हे छापून वर्कशॉपच्या भिंतीवर लावणार. मशीन बंद केलं तरी हायड्रॉलिकच्या नळीत दाब अडकून राहतो, हे माझ्याकडून जोडा. विशेषतः ॲक्युम्युलेटर (दाब साठवून ठेवणारं भांडं) असेल तर. उचललेला भार जमिनीला टेकवायचा, लिव्हर दोन्हीकडे फिरवून दाब सोडायचा, गेज बघायचा आणि मगच पान्हा लावायचा. नुसतं स्विच काढणं म्हणजे दाब काढणं नव्हे.

---

टाकेवाली

धागा निघालाच आहे तर आणखी थोडं.

स्फोटाजवळ असलेल्या माणसाला बाहेरून खरचटलेलंही नसेल, तरी कान, फुप्फुसं आणि आतडी यांना मार बसलेला असू शकतो. कानाचा पडदा सर्वात आधी फाटतो, साधारण ३५ किलोपास्कलच्या, म्हणजे ५ पीएसआयच्या लाटेला. दम लागणं, खोकला, छातीत दुखणं काही वेळाने सुरू होऊ शकतं. 'मी ठीक आहे' म्हणणाऱ्यालाही दवाखान्यात न्या. शरीरात घुसलेला तुकडा उपसू नका, तो हलणार नाही असं बांधा. डोळ्यात काही घुसलं असेल तर चोळू नका, दाबू नका, वर कागदी कप उपडा ठेवून टेपने चिकटवा. वाफेने भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. बर्फ नको, पेस्ट नको.

आणि कॉम्प्रेसरच्या नळीने अंगावरची धूळ उडवणं थांबवा. थट्टेत ती नळी कोणाच्या पार्श्वभागाजवळ धरण्याचे प्रकार होतात आणि त्यात कपड्यांवरूनसुद्धा आतडं फाटतं. माणसं मेली आहेत. याला गंमत म्हणणाऱ्याला कामावर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत.

---

सडेतोड

ठिपक्याचं खरंच माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. पण सिलिंडरचं काय? तो तर कंपनी तपासून देते, आपल्या हातात काय आहे?

---

ठिणगी

गॅस वेल्डिंग करते. बरंच आपल्याच हातात आहे.

ऑक्सिजनच्या सिलिंडरात साधारण १५० बार असतात. तो आडवा पडून व्हॉल्व्हची मान तुटली तर सिलिंडर सुटतो आणि भिंत फोडून पलीकडे जातो. म्हणून साखळीने बांधायचा, नेताना टोपी लावायची, लोळवत न्यायचा नाही. दुसरं म्हणजे ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. तेलकट हातानेही धरायचा नाही, व्हॉल्व्ह जाम असला तरी. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेतं. उघडताना हळू, आणि रेग्युलेटरच्या तोंडासमोर उभं न राहता.

ॲसिटिलीनची गोष्ट वेगळी. तो मोकळा वायू १ बारच्या, म्हणजे १५ पीएसआयच्या वर गेला की हवा नसतानाही स्वतःच विघटित होऊन फुटू शकतो. सिलिंडरात तो ॲसिटोनमध्ये विरघळवून, सच्छिद्र पदार्थात ठेवलेला असतो. म्हणून सिलिंडर उभाच वापरायचा, रेग्युलेटर कधी १५ च्या पुढे न्यायचा नाही आणि दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा उलटी आत शिरू न देणारा) लावायचा.

---

नुसताच_वाचक

आणि एलपीजीला आग लागली तर? सेफ्टी व्हॉल्व्हमधून गॅस सुटतो, मग टाकी फुटू नये ना?

---

जुना_फिटर

फुटते. वर खटपट्याला जे सांगितलं तेच, फक्त कारण वेगळं. टाकीत खाली द्रव असतो, तो पत्र्याची उष्णता ओढून घेतो. द्रवाच्या पातळीच्या वर नुसता वायू, तिथे ज्वाळा लागली तर पत्रा लाल होऊन मऊ पडतो. व्हॉल्व्ह व्यवस्थित उघडलेला असताना, ठरलेल्या दाबालाच तो फाटतो. मग आतला द्रव एकदम उकळून आगीचा गोळा होतो. म्हणून टाकीला ज्वाळा लागलेली दिसली की बादली घेऊन पुढे जायचं नाही. लांब जायचं आणि अग्निशमन दलाला आत काय आहे ते सांगायचं.

---

प्रयोगवही

आमच्या लॅबमधल्या ऑटोक्लेव्हबद्दल. काटा शून्यावर दिसला की मुलं झाकण उघडतात. पण गेजचा काटा ०.१ बार नीट दाखवतच नाही. झाकणाचा व्यास ५० सेंटिमीटर असेल तर ०.१ बारला त्यावर दोनशे किलोचा जोर असतो! हा हिशेब फळ्यावर करून दाखवल्यावर मुलं व्हेंट कॉक उघडून वाट बघायला शिकली. द्रव असलेल्या बाटल्यांची झाकणं सैलच ठेवायची, कारण बाहेर काढल्यावर हातातच बाटली फुटू शकते. घरचा प्रेशर कुकरही याच जातीचा. शिट्टीची नळी उजेडात धरून आरपार बघायची, सेफ्टी प्लग गेला तर मूळ कंपनीचाच बसवायचा, वाफ असताना झाकणाशी झटापट करायची नाही.

---

खटपट्या

अपडेट: जाडी मोजली. तळाला नेमप्लेटवरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी भरली. टाकी काढली. भंगारात द्यायचीय.

---

जुना_फिटर

छान. देण्याआधी दाब शून्य करून ड्रेन कॉक काढा आणि अंगाला दोन-चार मोठी भोकं पाडून द्या. नाहीतर कोणीतरी रंग मारून पुन्हा विकतो. हे फक्त हवेच्या टाकीसाठी. गॅसच्या सिलिंडरला कोणी ड्रिल लावू नका.

---

ठिणगी

काका, शेवटचा प्रश्न. काही पाइपलाइनमध्ये पाणी घालता येत नाही, आतला माल पाण्याने खराब होतो. तिथे टेस्ट हवेनेच घ्यावी लागते. तेव्हा काय करता?

---

जुना_फिटर

आधी दुसरा मार्ग आहे का ते बघतो. खरंच नसेल तर परिसर मोकळा करून, दोरी लावून. पाण्याच्या टेस्टला दाब दीडपट नेतात. प्रोसेस पाइपिंगच्या, म्हणजे कारखान्यातल्या पाइपलाइनच्या कोडमध्ये हवेसाठी डिझाइनच्या १.१ पटीला परवानगी आहे, ती याच भीतीपोटी. टेस्टच्या दाबापेक्षा थोडा वर उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह लाइनवर हवाच. सुरुवातीला टेस्टच्या निम्म्यावर किंवा २५ पीएसआयवर, जे कमी असेल तिथे थांबून पहिली तपासणी. मग टप्प्याटप्प्याने वर, प्रत्येक टप्प्यावर पाइपला ताण सावरायला वेळ द्यायचा. पूर्ण आकड्यावर असताना साबणाचं पाणी घेऊन जोडापाशी कोणीही जायचं नाही, साहेबही नाही. दाब डिझाइनपर्यंत उतरवायचा आणि मगच फेस शोधायला जायचं.